धपक्यांखाली हरवलेलं नाव

चंद्रावरून बाबांचं उत्तर आलं आणि केतकीच्या हातातला बुंदीचा लाडू हातातच राहिला.

"केतू, पाळण्याची करकर आली, बायकांचं हसणं आलं. नाव मात्र आलं नाही. त्या जागी पाण्याखालून कुणी बोलावं तसं काहीतरी आहे. चार वाजता मी विवरात उतरतोय. मग चाळीस दिवस निरोप नाही."

तीन वाजून गेले होते. नाव लिहून कळवायचं नाही, आत्यानं बाळाच्या कानात सांगितलेलं आपण कानानंच ऐकायचं, हा बाबांचा हट्ट. चंद्राच्या ईमेलमध्ये तीन एमबीहून जड काही मावत नसे, म्हणून धाकट्या बहिणीच्या बारशाची साठ एमबीची फाईल केतकीनंच आवळली होती.

तिनं ती धाकटी फाईल लावली. "कुर्रर्र" आलं, पाठोपाठ धपके आले, आणि धपक्यांच्या मधोमध नुसता बुडबुड आवाज. बारसं सगळं होतं; बाळाचं नाव जणू कुणी ठेवलंच नव्हतं.

वसुधाआत्या पाठ चोळत आली. ती ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणारी). "मेल्यांनी काय बडवलंय मला! नाव सांगताना आत्याला बदडायचं, ही कुठली गं रीत?"

"आत्या, मी नाव पुसलं गं."

फाईल ऐकून आत्या म्हणाली, "तू नाही, तुझ्या कॉम्प्रेशननं (फाईल आवळण्याच्या युक्तीनं). ढोल वाजताना टाचणी पडली तर ऐकू येते का? मोठा आवाज लहानाला झाकतो. याला म्हणतात आच्छादन. ही युक्ती झाकलेले आवाज हुडकते आणि टाकून देते. कानाला पत्ता लागत नाही, फाईल हलकी होते. पण तू जागा दिलीस चिमूटभर. मग तिनं अर्धवट झाकलेलंही फेकलं. माझी कुजबुज त्यातच गेली."

"फेकलेलं कुठं जातं?"

आत्यानं संगणक पुढं ओढला. "ऐकायचंय? मूळ फाईलमधून तुझी फाईल वजा करू. उरेल ते फेकलेलं."

जे उरलं ते ऐकताना खोलीतली हवा गार झाल्यासारखी वाटली. गाणं नव्हतं, गाण्याची सावली होती. बिनचेहऱ्याच्या बायका विहिरीच्या तळाशी गात असाव्यात, शब्दांना कडा असाव्यात पण पोट नसावं, असं काहीतरी. त्यात केतकीला स्वतःचं हसणंही ऐकू आलं, फार लांबून. तिनं आत्याचा पदर घट्ट धरला. आणि त्या धुक्यातून एक बारीक "शे…" आला.

"आत्या! नाव आहे!"

"मूळ फाईलमध्ये आहेच ते. पण साठ एमबी पाठवायचे कसे?"

"काही न टाकता नाही आवळता येत?"

"येतं की. पाळण्याच्या गाण्यांच्या वहीत आपण ध्रुवपद एकदाच लिहितो, पुढं प्रत्येक कडव्याखाली नुसतं 'जो जो…'. गाणारीचं एक अक्षरही चुकत नाही. तसंच पुन्हा पुन्हा येणारं एकदा नोंदवायचं, पुढं फक्त खूण करायची. ही अक्षत आवळणी (काहीही न गमावणारी). पण तिनं साठाचे जेमतेम तीस होतील."

केतकीनं घड्याळाकडं पाहिलं. साडेतीन. आणि ती एकदम ओरडली, "सगळं कशाला? बाकीचं बाबांनी ऐकलंय. नाव तर चार सेकंदांचं!"

"अगं बये," आत्या म्हणाली, "एवढी शास्त्रज्ञ मी, आणि हे तुला सुचावं!"

मूळ फाईलमधले तेवढेच चार सेकंद त्यांनी कापले, अक्षत आवळले. अर्धा एमबीसुद्धा भरला नाही. निरोप गेला.

चाराला तीन मिनिटं असताना उत्तर आलं. आधी चंद्रावरच्या खोलीची शांतता, यंत्रांचा मंद श्वास, आणि मग अगदी कानाशी बोलावं तसे बाबा: "कुर्रर्र… शेवंती."

पाळण्यात बाळानं आवाजाकडं मान वळवली.

चार वाजले. चंद्राशी संपर्क तुटला. केतकीनं बाबांची ती फाईल जपून ठेवली, मुळीच न आवळता. शेवंतीला एक दिवस ती पुरती ऐकवायची होती, खोलीतल्या शांततेसकट.