तिच्या वाटच्या खाचा

लाकूड चिकटवायचा सरस संपला होता, म्हणून मिस्त्री सकाळीच बाजारात गेले. डबा काढून देताना दुकानदाराने विचारलं, आता एवढं काय काम काढलंय? मिस्त्री म्हणाले, भिंतीवरचं कपाट, घरचंच. दुकानदार हसला नाही, आणि तेच मिस्त्रींना टोचलं. त्यांच्या घरच्या न झालेल्या कपाटावरून हसणं ही त्या बाजाराची जुनी करमणूक होती. साऱ्या गावाला कपाटं करून देणाऱ्या माणसाच्या बायकोची हत्यारं शेवटपर्यंत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडून होती.

तिला सगळे डावरी म्हणायचे. सुताराची मुलगी, डाव्या हाताने करवत चालवणारी. मिस्त्री तिच्या वडिलांकडे काम शिकायला म्हणून आले आणि जावई होऊन बसले. तेव्हापासून कामाच्या एकाच बाकाच्या अलीकडे ते, पलीकडे ती. समोरासमोर, म्हणजे भांडायलाही सोयीचं.

त्यांचा सांधा नावाजलेला होता. एका फळीच्या टोकाला दात कापायचे, मुळाशी अरुंद आणि शेंड्याला रुंद. दुसऱ्या फळीच्या टोकाला त्यांच्या मापाच्या खाचा. दोन्ही एकमेकांत ठोकून बसवले की खिळा लागत नाही, स्क्रू लागत नाही, आणि मागाहून कितीही ओढा, सुटत नाही. मिस्त्री दात कापत, डावरी खाचा. लग्नानंतरच्या पहिल्याच कामात ही वाटणी झाली आणि मग ती मोडायचं कुणाच्या मनातही आलं नाही. दोघांकडे आखणीसाठी मापाचा सारखाच पत्रा होता, त्यामुळे कुणाला कुणासाठी खोळंबायचं कारण नव्हतं. तरी ती खोळंबायची. तिचं आधी उरकायचं. उरकलं की ती बाकावर मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, दोनदा आपटायची. ठक, ठक. माझं झालं, तुमचं? मिस्त्री मान वर न करता म्हणायचे, "आलो." आणि पुढे बराच वेळ यायचे नाहीत.

कपाटाच्या फळ्या तिनेच निवडून भिंतीशी उभ्या केल्या होत्या. पुढच्या महिन्यात करू, असं मिस्त्री म्हणत राहिले. मग हिवाळ्यात तिला साधा ताप आला आणि त्या तापातच ती गेली. घर इतकं गप्प झालं की मिस्त्री कधी कधी विनाकारण रंधा मारत बसायचे, नुसता आवाज हवा म्हणून.

आता त्यांच्या मुलीने त्यांना आपल्याकडे यायला राजी केलं होतं. कारखाना आणि मागची राहायची खोली, दोन्ही विकून झालं होतं. मिस्त्रींनी एकच अट घातली, आधी कपाट होऊ दे.

पहिल्या कोपऱ्याचे दात त्यांनी झकास कापले. मग बाकाला वळसा घालून तिच्या बाजूला गेले, खाचांची फळी बाकाच्या शिकंज्यात आवळून धरली, आणि हात थांबला. इतक्या वर्षांत त्यांनी एकही खाच कापली नव्हती. एका तुकड्यावर करून पाहिली, तर रेघेच्या नको त्या बाजूने करवत चालवली आणि खाच ढिली झाली. नव्या पोरानेही केली नसती अशी चूक. स्वतःवरच चिडून ते जेवले आणि मागच्या खोलीत खाटेवर आडवे झाले.

डोळा लागता लागता त्यांना करवत ऐकू आली. तिची करवत कुणालाही ओळखता आली असती. खाली जाताना लांब, सावकाश, आणि वर येताना मध्येच श्वास घेतल्यासारखी थांबायची. मिस्त्री झोपेतच सुखावले. मग झोप उडाली, आणि करवत चालूच होती.

ते उठून दारात आले तेव्हा आवाज थांबला. कारखान्यात कुणी नव्हतं. दुपारचं ऊन बाकावर पडलं होतं आणि उन्हात भुसा अजून तरंगत होता. शिकंज्यातल्या फळीला तीन खाचा कापलेल्या होत्या, स्वच्छ, कोपरे पटाशीने साफ केलेले. भुशाचा ढीग डाव्या अंगाला होता. ताज्या लाकडाच्या वासात तिच्या केसांच्या तेलाचा वास मिसळला होता. मिस्त्रींच्या अंगावर सरसरून काटा आला. आणि खरं सांगायचं तर, भीतीपेक्षा आनंदच जास्त झाला.

त्यांनी आपली फळी तिच्या फळीवर ठेवून हलकेच दाबली. सांध्यात कागदही शिरला नसता.

पुढे हाच क्रम पडला. सकाळी ते एका कोपऱ्याचे दात कापत, दुपारी पडून राहत, आणि पलीकडे करवत चाले. ते उठून पाहायला जात नसत. पाहिलं तर थांबेल ही धास्ती होती. मुलीचा फोन आला की खुशाल आहे म्हणत, आणि ते खरंच खुशाल होते. डावरी गेल्यापासून पहिल्यांदाच दोन घास जास्त जात होते.

मग शेवटचा कोपरा उरला. हा झाला की कपाट झालं. कपाट झालं की ती कशाला येईल?

म्हणून त्यांनी शेवटचे दात कापलेच नाहीत. हत्यारांना धार लावली, झाडलोट केली, धार लावलेल्या हत्यारांना पुन्हा धार लावली. त्या दुपारी तिच्या खाचा कापून झाल्या आणि पलीकडून आवाज आला. ठक, ठक.

"आलो..." मिस्त्री खाटेवरूनच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून रडले. कुणीतरी पुन्हा त्यांची वाट पाहत होतं. माणसाला आणखी काय हवं असतं?

पण दुसऱ्या दिवशी तिच्या स्टुलाच्या कडेला तीन खाचा दिसल्या. मग बाकाच्या काठाला. मग उंबऱ्याला. शिकंज्यात फळी नसतानाही दुपारभर करवत चालायची, आणि दर वेळी शेवटी ती मोगरी, दर वेळी थोडी जोरात. मिस्त्री म्हणायचे, "आलो, अगं आलो..." आणि उठायचे नाहीत. आवाज रोज एकेक वस्तू ओलांडून मागच्या खोलीकडे सरकत होता. एका दुपारी ते जागे झाले तर उशीवर, गालावर, मिशांत भुसा होता. खाटेच्या डोक्याकडच्या फळीला खाचा कापल्या होत्या, त्यांच्या कानापासून बोटभर अंतरावर.

तशातच मुलगी त्यांना न्यायला आली. उंबरा पाहिला, स्टूल पाहिलं, खाट पाहिली. बाबा झोपेत उठून हे करतात, अशी तिने स्वतःची समजूत काढली. मिस्त्रींनी वाद घातला नाही. डाव्या हातात करवत घेतली आणि एका तुकड्यावर चालवून दाखवली. रेघ पार वाकडी गेली.

"आई आहे इथं?" मुलीने विचारलं.

"खोळंबलीय," मिस्त्री म्हणाले. "माझ्यामुळेच. ती जाऊ नये म्हणून मीच अडवून ठेवलंय पोरी."

"मग करून टाका ना, बाबा. तिला तरी मोकळं करा."

मिस्त्रींनी शेवटचे दात कापले. पटाशी दोनदा खाली ठेवली, दोनदा पुन्हा उचलली. सरस लावला. ठोकताना पलीकडून कुणीतरी धरावं लागतं, म्हणून मुलगी आईच्या बाजूला उभी राहिली. मोगरी पडू लागली. आधी पोकळ आवाज, मग भरीव, आणि मग दगडावर आपटल्यासारखा एकच ठोस. त्या आवाजाला डावरी नेहमी एक शब्द बोलायची, "बसला." मिस्त्रींनी कान देऊन वाट पाहिली. कुणी काही बोललं नाही. मुलगी मात्र आपले दोन्ही हात पोटाशी धरून उभी होती. घरी पोहोचेपर्यंत तिने ते हात सोडवले नाहीत. फक्त वाटेत एकदा म्हणाली, तिथे फळीवर फार गर्दी होती हातांची.

मुलीच्या घरी कपाट मिस्त्रींच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर गेलं. पलंग लोखंडी होता, मुलीने मुद्दाम तसा आणला होता. कपाटात मधल्या फळीवर मिस्त्रींनी डावरीची हत्यारं ओळीने मांडली. त्यांना वाटलं होतं, रिकामं वाटेल. तसं रिकामं वाटलंच, पण त्यांनी कल्पना केली होती त्याहून कितीतरी जास्त. दुपारी पडल्या पडल्या ते कान टवकारून ऐकायचे. शेजारच्या घरातला नळ, रस्त्यावरची सायकल, खालच्या मजल्यावरचं मूल. करवत नाही. मी उगाच घाई केली, असं ते मनाशी म्हणायचे. आणखी थोडे दिवस खोळंबली असती तर काय बिघडलं असतं? आणि एका दुपारी ते कपाटाकडे बघून उघडच बोलले, "अगं, एकदा तरी."

त्या दिवशी मुलगी कामावर गेली होती. मिस्त्रींना झोप लागली, आणि जाग आली ती ओळखीच्या वासाने. लाकडाचा ताजा वास, आणि तेल. जमिनीवर, कपाटाच्या डाव्या अंगाला, भुसा पडला होता.

कपाटाचं दार उघडं होतं. मधल्या फळीच्या पुढच्या लांब कडेला खाचा कापल्या होत्या. लांब कडेला सांधा कुणीच कापत नाही. आणि त्या तीन नव्हत्या, चार होत्या. मिस्त्रींनी चष्मा लावला. मापाच्या पत्र्यातलं हे माप नव्हतं. चारही खाचा वेगवेगळ्या रुंदीच्या, आणि शेवटची सर्वांत बारीक.

त्या बारीक खाचेकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. इतकी वर्षं हत्यार धरून सुजलेली, जाड झालेली पेरं. त्यांनी हात पुढे केला आणि बोटं खाचांत ठेवली. करंगळीसुद्धा बसली, मुळापर्यंत. कुठे फट नव्हती.

लाकूड थंड असायला हवं होतं. ते ऊबदार होतं.

त्यांनी हात जरासा ओढून पाहिला. पेरं अडकली. पुन्हा ओढला, निघाला नाही. कपाटाच्या आतून, अगदी जवळून आवाज आला.

ठक, ठक.

"आलो," मिस्त्री म्हणाले, आणि या वेळी त्यांनी हात ओढायचं सोडून दिलं. फळीच्या पलीकडून कुणीतरी हळूच, समाधानाने म्हणालं, "बसला."