फोटोपुरते हातमोजे

खव्याचा वास आता मला सहन होत नाही. कुणी पेढा पुढं केला तरी मी तोंड फिरवते. घरचे म्हणतात, नखरे करती. करते, जावा तिकडं!

सरकारी प्रशिक्षण योजनेतून मी अन् माझी धाकटी बहीण वैष्णवी एकाच खव्याच्या कारखान्यात लागलो. येरमाळ्याच्या अलीकडं, हायवेला लागून पत्र्याचं शेड. आत वाफेवरची मोठी कढई अन् तिच्यात दूध आटवत फिरणारं लोखंडी पातं. त्या पात्यावर जाळी पाहिजे. ती होती भिंतीवर टांगलेली, खंडेनवमीचं हळदीकुंकू लावून, वाळका हार घालून.

"बसवली की धुवायला येळ लागतो," मालक आण्णासाहेब म्हणाले. "अन् पूजा केलीय की तिची!"

म्हणजे तिनं भिंतीवरूनच आमची राखण करायची. धन्य आहे.

हातमोजे होते, जाड रबरी, पण एकच जोड आणि तीही कपाटात कुलूपबंद. महिन्यातून एकदा योजनेच्या साहेबांना फोटो पाठवायला बाहेर निघायची. एकीनं घालायचे, कढईपाशी उभं राहून हसायचं, काढून दुसरीला द्यायचे. फोटो झाले की पुन्हा कुलूप. मग उघड्या हातानं, चालू पात्याशेजारी, कडेचा खवा खरवडायचा.

पहिल्यांदा घातले तेव्हा उजवा मोजा आतून उबदार लागला. ओलसर, चिकट. शी! कुणाचा तरी घाम असेल म्हणून मी हात ओढणीला पुसला. पण त्या दिवशी मोजे घालणारी मीच पहिली होते, अन् कपाट तर महिनाभर उघडलंच नव्हतं.

पुढच्या फोटोला बोटं पुरती आत जाईनात. आत आधीच कुणाची तरी होती.

"आण्णासाहेब, ह्यात काय भरलंय?"

त्यांचा चेहरा उतरला. "काय न्हाय. हस की बाई, फोटो काढू दे."

जेवायच्या सुट्टीत कढई धुणाऱ्या इरम्मानं सांगितलं. ती उमरग्याकडची.

"आमच्याकडली पोर हुती, महेश्वरी. तुमच्यावाणीच शिकाया आलेली. साखरपुड्याची मेंदी अजून हातावर हुती. पात्यानं उजव्या हाताची चार बोटं नेली. मुडदा बशिवला ह्या मालकाचा, ह्यानं मोज्यात चिंध्या कोंबल्या, तिच्या हातात घातला, फोटो काढला. मग गाडीत घातली तिला."

"पुढं?"

"शिव शिव! पुढचं इचारू नगंस."

मी डबा झाकून ठेवला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, मोज्यात त्या चिंध्याच असणार. मला त्या माणसाची किळस आली.

अन् धास्ती होती ती वैष्णवीच्या हाताची. पोरगी घाईची. लहानपणी गवत कापताना विळा लागून तिच्या उजव्या तर्जनीवर आडवा पांढरा वण पडला होता. तो वण धरूनच मी तिला रोज झापायची, "हे बघ, अन् मग घाई कर!"

म्हणून त्या महिन्यात फोटो झाल्यावर मोजे मी परत दिलेच नाहीत.

"वैष्णवी, हे घालूनच खरवड."

"ताई, आत कसंतरीच लागतंय गं. कुणी हात धरल्यागत."

"लागू दे. घाल म्हणते ना!"

दुपारी पातं अडखळलं.

वैष्णवी ओरडलीसुद्धा नाही.

मी मशीन बंद केलं. उजव्या मोज्याची चार बोटं तुटून खव्यात गेली होती. उरलेला मोजा मी हिसडून काढला.

हात शाबूत होता. पाचही बोटं जागेवर. रक्ताचा थेंब नाही.

मी तिथंच खाली बसून रडले.

आण्णासाहेबांनी कढईत डोकावलं. वर काही दिसत नव्हतं.

"पोर धड हाय ना? मग भरा डबे. गाडी उभी हाय."

इरम्मा बाहेर जाऊन ओकली. डबे भरले गेले.

आम्ही दोघी काम सोडून घरी आलो. दिवेलागणीला वैष्णवीनं भाकरी मोडली. मी सवयीनं तिचं बोट धरलं.

गार होतं.

वण नव्हता. मी चारही बोटं उलटसुलट करून बघितली. नखं तांबूस होती, मेंदी विटत आल्यावर दिसतात तशी. वैष्णवीनं जन्मात कधी मेंदी लावलेली नाही.

"ताई, काय गं?"

मी तिचं बोट सोडलं. डब्यांची गाडी तोवर सोलापूरला पोचली असेल.