दोर कोणी सोडायचा?

"लाँच गेली?" धापा टाकत त्याने विचारलं.

"नाही, पाण्याखाली लपून बसलीय," ती म्हणाली. हातात अजून ओला दोर होता.

तो पलीकडच्या किनाऱ्यावरचा मेकॅनिक, बेटावरच्या बर्फाच्या कारखान्यात यंत्र दुरुस्त करायला आलेला. ती धक्क्यावर लाँचचा दोर बांधणारी-सोडणारी. बापामागे हे काम तिनेच धरलं, आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"तिकिटावर तर पाच लिहिलेत!"

"समुद्राला वाचता येत नाही. ओहोटी लागली की लाँच निघते."

तो हसला. असा हसला, की तिने गुंडाळलेला दोर उगाचच उलगडला… आणि पुन्हा गुंडाळला. कामाच्या पोरीला लाजायला सवड नसते म्हणतात. मिळते कुठून तरी!

पुढे त्याची लाँच सारखीच चुकू लागली. पहिल्यांदा चुकली ते खरं. बाकीचं नाटक आंधळ्यालाही दिसत होतं. संध्याकाळी तो तिच्याकडून गाठी शिके. बोटांना बोटं लागत — मग दोघंही समुद्राकडे बघत, जणू तिथून कोणी हाक मारली.

"यंत्र बिघडलंय तरी किती?" तिची आई खाटेवरून विचारी. "बर्फ करतोय की डोंगर?"

यंत्र एकदाचं चाललं. किनाऱ्यावरच्या मालकाने त्याला लगेच दूरच्या कामावर धाडलं.

"चल ना माझ्याबरोबर," धक्क्यावर तो म्हणाला.

"आईचे पाय धड नाहीत. आणि काय रे, डॉक्टर हवा तर आम्ही तिकडे, शाळा हवी तर आम्ही तिकडे. आता संसारालाही तिकडेच? किनाऱ्याने कधी उठून यायचंच नाही का?"

त्याची पिशवी लाँचमध्ये ठेवलेली. भोंगा वाजला. ती खुंटापाशी वाकली, पण डोळ्यांत पाणी… जन्मात न अडलेली गाठ आज अडली.

"थांब." तो शेजारी बसला. तिने शिकवलं तसा दोर ढिला केला, सोडला, लाँचवर भिरकावला. लाँच हलली —

आणि हा धक्क्यावरच!

"अरे शहाण्या," लाँचवाले काका ओरडले, "दोर सोडणारा मागे राहतो!"

त्याचे कान लाल झाले.

"चुकलं ना?" तिने श्वास रोखून विचारलं.

"सोडताना चुकलं. पण उडी मारली असती तर पोचलो असतो… मारली नाही. इथल्या यंत्राला कायमचा माणूस हवाय म्हणे. तुझ्या आईला विचारतो —"

"आईला नंतर. आधी मला विचार."

त्याने विचारलं. ती हो म्हणाली, आणि लगेच तिने दरडावलं, "पण उद्यापासून दोर मीच सोडणार. तू लाँचपासून चार हात लांब!"