सातव्या दाराची कडी

श्रीपतराव मास्तर चिंताकीला गेले ते दहाव्याच्या कामाला. दुसरं काही मनात नव्हतं. छत्री काखोटीला मारून सकाळी औरादहून निघाले आणि ओढ्यावर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दहा दिवसांपूर्वी इरप्पा धनगर वारला होता. अख्ख्या तालुक्यात भुताची गोष्ट सांगावी तर इरप्पानं, असं लोक म्हणायचे. आणि भुताची गोष्ट लिहावी तर मास्तरांनी, असं एकटे मास्तर म्हणायचे.

मास्तर सरकारी शाळेत दिवसभर उर्दूतून भूगोल शिकवायचे आणि घरी येऊन मराठीत भुतं लिहायचे. पुण्याचं एक मासिक ती छापायचं. इरप्पाला वाचता येत नव्हतं, म्हणून मास्तर चिंताकीला जाऊन त्याला वाचून दाखवायचे, आणि मग दोघांची जी जुंपायची ती दिवेलागणीपर्यंत.

"किल्ला न्हाई, तळघर न्हाई, वटवाघूळ न्हाई," इरप्पा म्हणायचा. "मग तुमचं भूत ऱ्हातंय कुठं मास्तर, धर्मशाळंत?"

"नव्या भुताला किल्ला लागत नाही, इरप्पाअण्णा. चहाची बशी पुरते. माणूस बशीत चहा ओततो, फुंकर घालतो, आणि बघतो तर बशी रिकामी. कुणीतरी आधीच पिऊन गेलंय."

"आरं, हे भूत न्हवं, मांजर हाय!"

माणसं खो खो हसायची. मास्तर चिडून म्हणायचे, तुमचं जुनं मेलं, आमच्या गोष्टीचा तुमच्या किल्ल्याशी काही संबंध नाही, कूळच वेगळं. त्यावर इरप्पा मात्र हसायचा नाही. "कूळ नको म्हनलं की सुटतंय व्हय? तुमच्या बशीखाली बी तळघर असंलच. तुमाला दिसंना, येवढंच."

इरप्पाची खरी गोष्ट एकच, सात दारांची. तरणा असताना मेंढरं घेऊन तो बिदरला गेला, आभाळ फाटलं, आणि आडोशाला म्हणून किल्ल्यातल्या एका पडक्या महालात शिरला. एका दारामागे दुसरं, दुसऱ्यामागे तिसरं. प्रत्येक दाराला बाहेरून कडी. इथं इरप्पा ऐकणाऱ्यापुढं तळहात धरायचा आणि हळूच म्हणायचा, "कडी कोमट व्हती. कुनीतर आत्ताच हात काडल्यावानी." सहा दारं तो उघडायचा. सातव्याशी थांबायचा. "कडी भायेरून. म्हंजे आत कोनतर कोंडलंय. मग कोंडनारा कोन?" आणि पुढचं कुणाला कधी सांगायचा नाही.

शेवटच्या दिवशी सांगायला निघाला होता. स्वतःच्याच दारात, भिंतीला टेकून. मास्तर समोर होते. इरप्पाची बायको तानुबाई नेहमीसारखी हुंकारा द्यायला बसली होती. "व्हय" म्हणायची ती, दर वाक्याला. इरप्पा म्हणाला, "कडी घालनारा कोन व्हता ते आज सांगतो. जरा पानी द्या." पाणी आलं तेव्हा इरप्पा गेलेला होता. तानुबाई तांब्या हातात धरून आणखी एकदा "व्हय" म्हणाली.

तिकडं एक रीत आहे. सांगणाऱ्यानं गोष्ट अर्ध्यात सोडायची नाही, आणि हुंकारा देणाऱ्यानं गोष्ट संपेपर्यंत उठायचं नाही. सोडली, तर दोघंही तिथंच अडकतात. पोरंठोरं हसतात या रीतीला, पण पाळतात.

तर त्या दहाव्या दिवशी ओढ्यावर कावळा पिंडाला शिवेना. बाभळीवर आठ-दहा बसले होते, एकही खाली येईना. पुतण्या बंडेप्पानं हात जोडून सांगितलं, मेंढरं इकणार न्हाई. मग म्हणाला, चुलतीला अंतर देणार न्हाई. कावळे माना वाकड्या करून बघत राहिले. ऊन चटचट लागायला लागलं. तानुबाईच्या डोळ्यांतलं पाणी खळेना.

"त्येंची गोष्ट ऱ्हायली," ती मास्तरांना म्हणाली. "अर्ध्यात अडकलेत ते. मास्तर, तुमी तरी बोला की."

"अक्का, माझ्या गोष्टी वेगळ्या. त्याच्या घराण्यातल्या नाहीत त्या."

"घरान्याचं काय घिऊन बसलाव? कावळा बगा की!"

मास्तर पुढं झाले आणि पिंडाकडं बघून म्हणाले, "इरप्पाअण्णा, गोष्ट मी पुरी करतो." आवाजात काही नव्हतं. हजेरीपटावरचं नाव वाचावं तसं म्हणाले. पण शब्द तोंडातून पडायला आणि कावळा झपकन खाली यायला एकच गाठ पडली. बायकांनी हात जोडले. बंडेप्पा मास्तरांच्या पाया पडला.

मास्तरांना काही वाटलं नाही. गेल्या वर्षभरात त्यांना काहीच वाटत नव्हतं. त्यांची बायको सुशीला पटकीनं गेली, सकाळी लागण आणि संध्याकाळी खेळ खलास. त्या रात्री मास्तरांनी घड्याळाला चावी दिली आणि शेजारून आलेल्या दोन भाकरी खाल्ल्या. डोळ्यांतून टिपूस नाही. तेव्हापासून चहाचा पेला हाताला पोळायचा नाही, थंडी वाजायची नाही. औरादेत बायका म्हणायच्या, मास्तर दगड हाय. मास्तरांनाही ते पटलं होतं.

एकच गोष्ट अधूनमधून आठवायची. लग्न झाल्यावर ते नवं लिखाण सुशीलेला वाचून दाखवायचे. ती भाजी निवडत हुंकारा द्यायची, "हूं", शेवटी जरा लांबवून, आणि नेहमी भलत्याच ठिकाणी. एकदा ते खेकसले, "हूं हूं काय चालवलंय? ऐक तरी!" त्यानंतर ती गप्प ऐकायला लागली. मरेपर्यंत गप्पच ऐकलं तिनं.

दिवेलागणीला तानुबाईच्या घरात मास्तर भिंतीला टेकून बसले. कोनाड्यात दिवा, कोपऱ्यात इरप्पाचं घोंगडं घडी घालून ठेवलेलं. लोकरीचा उग्र वास कोंदला होता. पाहुणे अंगणात विड्या ओढत होते. आत दोघंच.

"सांगा," तानुबाई म्हणाली.

मास्तरांनी सुरू केलं. बिदर, पाऊस, महाल. "व्हय." पहिलं दार, कडी कोमट. "व्हय." दुसरं. तिसरं. मास्तरांना स्वतःचंच नवल वाटलं, आवाज इरप्पासारखा संथ लागत होता. बाहेरचं बोलणं लांब गेलं. पाचवं दार. "व्हय." सहावं…

"सातव्या दाराशी तो आला. बघतो तर दार किल्ल्याचं नव्हतं. साधं, दोन फळ्यांचं. वरच्या कोपऱ्यात हळदीकुंकवाची बोटं उमटलेली…"

"हूं."

"फळीच्या फटीतून फोडणीचा वास येत होता…"

"हूं."

मास्तर थांबले. दार त्यांच्या स्वयंपाकघराचं होतं. आपण काय बोलतोय ते त्यांना बोलल्यावर कळत होतं. त्यांनी समोर पाहिलं. तानुबाई बसल्या जागी भिंतीला डोकं टेकून झोपली होती, तोंड उघडं, दहा दिवसांचं जागरण अंगावर आलेलं. दिव्याची ज्योत हलत नव्हती. मास्तर कुजबुजले, "कडी बाहेरून…"

"हूं…" शेवटी जरा लांबवून. भलत्याच ठिकाणी.

आता एकच वाक्य राहिलं होतं. कडी घालणारा अमुक होता, संपली गोष्ट. ते म्हटलं की इरप्पा सुटला असता. आणि हुंकारा देणारीही उठून गेली असती. वर्षभरात पहिल्यांदा मास्तरांच्या छातीत काहीतरी हललं, आणि ते इतकं दुखलं की त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

"अक्का," त्यांनी तानुबाईला हलवलं. "झाली गोष्ट."

ती दचकून उठली. "झाली? मला मेलीला डुलकी… कोन व्हता वो, कडी घालनारा?"

"होता एक."

"ऱ्हाऊ द्या. मेल्या मानसाची गोष्ट दुबार इचारू न्हाई." तिनं पदरानं डोळे पुसले. "लई उपकार झाले, मास्तर. सुटलं माझं मानूस."

मास्तर रात्रीच औरादला परतले. घर दोन खोल्यांचं, बाहेरची आणि स्वयंपाकाची. बाहेरच्या खोलीत खाटेवर बसून, दिवा न लावता, ते अंधारात म्हणाले, "सातव्या दाराशी तो आला…"

"हूं," आतून आलं.

ते धावत आत गेले. चूल थंड, मांडणीवरची भांडी जिथल्या तिथं. कुणी नाही. बाहेर येऊन बसले, गोष्ट धरली, की पुन्हा "हूं". मग त्यांनी आत जाणं सोडलं. खानावळीत जेवायला लागले. वाऱ्यानं दार उघडायला नको म्हणून स्वयंपाकघराला बाहेरून कडी घातली. रोज संध्याकाळी पहिल्या दारापासून सुरू करायचं, सातव्याशी आलं की म्हणायचं, उरलेलं उद्या. शाळेतली पोरं म्हणायची, मास्तर आताशा हसायलेत.

पुढं पुढं हुंकारा उशिरा यायला लागला. थकल्यासारखा. मास्तरांना ते कळत होतं. नाही कळलं असं कसं म्हणावं?

महिन्यानं बाजाराच्या दिवशी तानुबाई दारात उभी राहिली. दिवस कलला होता. चेहरा पार उतरलेला.

"मास्तर, गोष्ट पुरी केलाव न्हवं?"

"केली की."

"मग ह्येंचं घोंगडं रोज सकाळी हातरलेलं कामून असतंय? रोज घडी घालते मी. सकाळी बगावं तर हातरलेलं, आन मधी खळगा… मानूस बसल्यावानी."

तानुबाईची नजर घरात फिरली आणि आतल्या दारावर थांबली.

"सैपाकाच्या घरला भायेरून कडी?"

"मांजर शिरतं."

ती सावकाश पुढं गेली. कडीला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

"मास्तर… कडी कोमट हाय."

"उन्हानं."

"हितं ऊन येतंय व्हय?" तिचा आवाज अगदी खाली आला. "कोंडून घातलाव तुमी तुमच्या बायकूला. आन तिच्यापायी आमचं मानूस अडकलंय… एक वाक्य तर बोलायचंय. बोला की. पाया पडते तुमच्या, सोडा त्येस्नी."

मास्तर खाटेवर बसून राहिले. त्यांना आपल्या गोष्टीतली बशी आठवली. इरप्पानं सांगितलेलं बशीखालचं तळघर आठवलं. किल्ला शोधायला बिदरला जावं लागत नाही, हे त्यांना आता कळत होतं, आणि कडी घालणारा कोण हेही कळत होतं. म्हणायला दोनच शब्द होते. जीभ उचलेना.

तानुबाईनं वाट पाहिली. मग पदर सावरला. "लोक तुमाला दगड म्हनतेत," ती उंबऱ्यावरून म्हणाली. "न्हाई मास्तर. दगड बरा."

ती गेली. तिच्या पायताणाचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला आणि वळणावर मिटला. अंधार पडला. मास्तर उठले, आतल्या दाराशी गेले आणि कडीवर तळहात ठेवला. वर्षभर ज्या हाताला चहा पोळला नव्हता, त्या हाताला कडी कोमट लागली. मास्तर रडले. पोरासारखे हमसून रडले, कपाळ फळीला टेकून, आणि आतून कुणीतरी ते सगळं गप्प ऐकत होतं.

"सुशीला," ते म्हणाले, "कडी घालणारा…"

आत इतकी शांतता झाली, की कुणीतरी उठून उभं राहिलंय असं वाटावं.

"…ते उद्या सांगतो."

खूप वेळ काहीच आलं नाही. मग, अगदी हळू, "हूं."

मास्तरांनी डोळे पुसले. तेवढ्यात पाठीमागून लोकरीचा उग्र वास आला, रस्त्याकडच्या दाराची फळी कुणीतरी ओढून घेतली, आणि बाहेरून कडी घातली.