हातावर मीठ

कोऱ्हाळ्यात तेव्हा उसाची तोड चालू होती. रस्ताभर बैलगाड्या, सांडलेल्या वाढ्यांमागे, उसाच्या हिरव्या शेंड्यांमागे फिरणारी गुरं आणि हवेत पाचटाचा वास. शाळा सुटली की नागेश मानसिंगच्या मळ्यात जाऊन बसायचा. लहानपणी दोघं एका बाकावर होते. पुढं मानसिंगनं ऊस धरला आणि नागेशनं विज्ञानाचं पुस्तक. ज्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं वळली, त्या घरातला तो पहिला मास्तर.

देव आहे की नाही, हा दोघांचा जुना वाद. त्या वर्षी मात्र तो चिघळला. दिवाळीच्या आधी नागेशचे वडील, आप्पा, वारले आणि नागेशनं ना केस दिले, ना दहाव्याला पिंडापुढं हात जोडले. तेव्हापासून त्याची आई सिंधुबाई त्याच्याशी कामापुरतं बोलायची. तिचं मागणं एकच होतं, बिरोबाला एकदा भंडारा वाहून ये.

"वाहिलास तर हात झडत्यात का तुझं?" मानसिंग म्हणाला.

"हात झडत न्हाईत. पर आई इचारल, मनापासनं वाहिलास का? तिच्याशी खोटं बोलू?"

"मग तुला पटायला पायजे तरी काय? देवानं कोर्टात साक्षीला यावं?"

नागेशनं हसण्यावारी नेलं नाही. पाऊस आला तर देवाची कृपा, नाही आला तर देवाचा कोप. असल्या हिशेबात देव हरायचाच नाही. "अट आधी ठरली पायजे," तो म्हणाला. "अन् ती कुणाला सांगायची न्हाय. सांगितली की माणसंच ती पुरी करत्यात."

"मग धर की मनात."

नागेशनं उसाच्या तुऱ्यांकडं बघत अट धरली. त्या भागात कुणी कुणाच्या हातावर मीठ देत नाही. भांडण होतं म्हणतात. शेजारीण मागायला आली तरी तिला वाटीत घालून देतात, पंगतीत पानावर वाढतात. कुणीतरी, न मागता, माझ्या तळहातावर मीठ ठेवावं. एवढंच. मनाशी हसून तो घरी गेला.

त्याच आठवड्यात तो बहिणीला भेटायला इंदापूरला निघाला. बारामतीच्या स्टँडबाहेर एक म्हातारी पेरूची पाटी घेऊन बसली होती. नागेशनं पेरू मागितला. तिनं तो चिरला, पण देता देता खाली ठेवला. मग त्याचं मनगट धरलं, हात उताणा केला आणि त्यावर मूठभर मीठ ओतलं. खडं मीठ होतं, ओलसर.

"मावशी, ह्ये काय?"

म्हातारी आपल्याच हाताकडं बघत राहिली. "काय की बाबा. ध्यान न्हाय ऱ्हायलं." पुन्हा तिनं वर पाहिलं नाही. चिरलेला पेरू तिनं दुसऱ्याच गिऱ्हाइकाला दिला.

पेरूवालीकडं मीठ असणारच, नागेशनं गाडीत बसल्यावर विचार केला. अटच ढिली होती. त्यानं ती आवळली. मिठाशी ज्याचा काही संबंध नाही अशा माणसानं द्यावं, आणि डाव्या हातावर.

सणसर मागं पडलं. खिडकीतून ऊन मांडीवर आलं होतं. कंडक्टर तिकिटं फाडत त्याच्यापाशी आला, तेव्हा नागेशनं उजवा हात पुढं केला.

"डावा," कंडक्टर म्हणाला.

"काय?"

"डावा हात करा."

त्यानं चामडी थैलीत हात घातला आणि मीठ काढून नागेशच्या डाव्या तळव्यावर ठेवलं. मग एकदम दचकून थैलीत डोकावला. नाण्यांना मिठाचा कण लागलेला नव्हता. "कुणी घातलं ह्यात?" तो पुटपुटला आणि तिकीट न देताच पुढं गेला. इंदापूर येईपर्यंत तो ड्रायव्हरपाशीच उभा होता.

बहिणीकडं नागेश जेवलाही नाही. दुपारच्याच गाडीनं तो परत फिरला आणि दुसऱ्या दिवशी मानसिंगला त्यानं सगळं सांगितलं.

मानसिंगनं मांडीवर थाप मारली. "झालं की मग! देव हाय!"

"कुणीतरी ऐकतंय, एवढंच सिद्ध झालं," नागेश म्हणाला. "कोण ऐकतंय ते न्हाय."

मानसिंगचं हसू ओसरलं.

"देव असता तर मिठाचा खेळ कशाला खेळत बसला असता? आईसाठी एखादा शब्द दिला असता. आप्पांचं काही सांगितलं असतं. ह्यो नुसता मी मागीन ते करून दाखवतोय. जनावर हुंगत हुंगत जवळ येतं तसा."

"मग जाऊ दे ना. सोड त्यो नाद."

पण नागेशला ते जमलं नाही. अर्धवट प्रयोग सोडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तिथंच, भर उन्हात, त्यानं मनात म्हटलं: तू कोण? असशील तर तुझा स्वतःचा पुरावा दे.

काहीच झालं नाही. चिमण्या ओरडत होत्या. तळहात कोरडा होता.

थोड्या वेळानं मानसिंगची बायको लीलाबाई मळ्यातल्या घरातून चहा घेऊन आली. कप एकच होता.

"अगं, मास्तर बसल्यात की," मानसिंग म्हणाला.

लीलाबाईनं समोर पाहिलं. तिची नजर नागेशच्या खांद्यावरून इकडंतिकडं फिरली, मग सापडल्यासारखी थांबली. "आत्ता आलासा व्हय, भावजी?"

तो तासभर तिच्या दारासमोर बसला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत हेडमास्तरांनी त्याच्या वर्गावर दुसरा मास्तर पाठवला. नागेश फळ्यापाशी उभा होता. तो मास्तर त्याला पाहून गोंधळला. "सर म्हणाले, वर्ग मोकळा हाय. पोरं एकटीच बसल्यात."

नागेश खडू ठेवून बाहेर पडला. रस्त्यानं त्यानं दोघातिघांना हाक मारली. एकानं मान वळवली, पण भलत्याच बाजूला.

तो पळतच घरी आला.

ऊन अंगणभर पसरलं होतं. सिंधुबाई ओट्यावर सुपात ज्वारी निवडत बसली होती आणि कुणाशीतरी बोलत होती. समोर कुणी नव्हतं. पदर मात्र तिनं पाव्हण्यापुढं घ्यावा तसा डोक्यावरून घेतला होता.

"हाय वो," ती म्हणत होती. "माझाच ल्योक त्यो. नागू. मास्तर हाय."

ती ऐकू लागली.

"म्या बघितलाय की. पाजलाय त्येला."

पुन्हा ऐकलं. सुपातला हात थांबला.

"आता कशावरनं म्हंजी... पुरावा कसला देऊ म्या?"

नागेश तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. त्याची सावली सुपावर पडायला हवी होती. ज्वारी लख्ख उन्हात होती.

"आई," तो म्हणाला.

सिंधुबाईनं वर पाहिलं नाही. मग तिनं हळूच मान डोलावली.

"तुमी म्हंताय ते बी खरंच हाय."