तापीच्या गाण्याचं तिसरं कडवं

सुरतेत पर्वत पाटियाच्या समाजाच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी माइक तपासून झाले, तेव्हा ललितनं गिटार मांडीवर घेत धनश्रीला विचारलं, गाणं दोन कडव्यांवरच थांबवायचं का. म्हणजे तो त्या बेतानं सूर उतरवील. धनश्रीनं होकारार्थी मान हलवली. याहून जास्त बोलण्यासारखं दोघांकडे काही उरलं नव्हतं.

‘आडवा धागा’ हा त्यांचा बँड कॉलेजच्या गॅदरिंगमधून निघाला, वेसूच्या कॅफेंतून फिरत बडोद्याला, पुण्याला जाऊन आला. आता मुंबईची एक कंपनी पहिला अल्बम काढायला तयार होती. तिला तापीचं अहिराणी गाणं हवं होतं, आणि ते पुरं हवं होतं. गाण्याचे शब्द धनश्रीच्या वडिलांचे, भाईदास आप्पांचे. त्यांची हयात कतारगामला लूमच्या खात्यात, यंत्रमागांच्या कारखान्यात, गेली आणि कान तिथंच राहिले. खात्यात मशीनपुढे माणसाचा आवाज चालत नाही. कारागीर हातांनी बोलतात. घरीही मग तेच. लेकीचं गाणं आप्पा तिच्या ओठांवर बघत आणि पुढची ओळ बोटांनी सांगत. पहिल्या कडव्यात गाव सुटतं, दुसऱ्यात खातं येतं. तिसरं मागाहून सांगतो, म्हणाले होते. चैत्रात ते गेले.

ललितनं तिसरं कडवं लिहून पाहिलं. वाईट नव्हतं. धनश्रीनं ते नाकारलं, नंतरची दोनही नाकारली, आणि मग तिला गाणंच नकोसं झालं. आजचा कार्यक्रम झाला की कंपनीला नाही म्हणायचं, बँडही सोडायचा, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

हॉल भरला. पुढे बायका आणि पोरंटोरं. अगदी मागच्या रांगेत आप्पांच्या खात्यातले जुने कारागीर, धुतलेले सदरे घालून. त्यांच्यातल्या कुणालाच धड ऐकू येत नव्हतं. भाईदासची पोर गाणार म्हणून आले होते.

ती गायला लागली. ‘मना गावनं पानी, मना पहिले सुरतले उनं.’ माझ्या गावचं पाणी माझ्याआधी सुरतेला आलं. मागच्या रांगेतल्या माना डोलू लागल्या. ढोलाचे ठोके फरशीतून पोचत असतील, असं तिला वाटलं.

दुसऱ्या कडव्यात मुकादमाची चेष्टा आहे. त्या ओळीला हॉल हसला. पण मागची रांग त्याआधी हसली. ओळ अजून तिच्या तोंडातून पुरती बाहेर पडली नव्हती.

ओठ वाचत असतील. पण इतक्या लांबून? आणि माइक तर तोंडासमोर होता.

मग तिच्या लक्षात आलं, ते तिच्याकडे बघतच नव्हते. सगळ्यांचे डोळे तिच्या डाव्या खांद्यापलीकडे, थोडे वर लागले होते. गाता गाता तिनं वळून पाहिलं. काळा पडदा होता.

दुसरं कडवं संपलं. ललितनं सूर उतरवले. टाळ्या झाल्या, थांबल्या, बायका पिशव्या आवरू लागल्या.

मागची रांग हलली नव्हती. एक कडवं म्हणायला लागेल इतका वेळ ते म्हातारे तसेच बघत राहिले. एकानं डोळे पुसले. मग, शांत झालेल्या हॉलमध्ये, त्या एकट्या रांगेनं टाळ्या वाजवल्या.

हॉल रिकामा झाल्यावर भिकनकाका स्टेजपाशी आले. खात्यात आप्पांच्या शेजारची मशीन त्यांची. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, “झकास, पोरी. शेवटलं कडवं तर काळजात शिरनं.”

धनश्रीनं दोन बोटं दाखवली. दोनच कडवी होती, काका.

ते हसले. “आन तिसरं? तुना बापनी सांगं ना, तुना बाजूले उभा ऱ्हाईसन.”

आणि मग त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. चैत्रात आप्पांना पहिला खांदा त्यांनीच दिला होता.

धनश्रीनं हात वर उचलले आणि खात्यातल्या खुणेनं विचारलं: काय सांगितलं?

भिकनकाकांची बोटं हलू लागली. सावकाश, एकेक शब्द. ती शब्द उचलत गेली, आपोआप चालीवर.

‘भरती उनी का पानी माघारी वळस...’

मागे ललितनं गिटार उचलली. काही न विचारता तो सूर देऊ लागला. कित्येक महिन्यांनी तिचा आवाज छातीतून मोकळा आला. हे आपण सोडणार नाही, तिला कळलं.

‘तू गात ऱ्हाय, पोरी...’

शेवटच्या शब्दाला काकांचा हात चेहऱ्यापाशी जाऊन अडखळला. पण तिला शब्द ठाऊक होता. आप्पांचं आयुष्यभराचं गाणं डोळ्यांचंच. ती गायली, ‘मी देखस.’

भिकनकाका तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या डाव्या खांद्यापलीकडे बघत त्यांनी मान डोलावली, कुणी चूक दाखवून दिल्यावर डोलावावी तशी. मग तिच्याकडे वळून त्यांनी नकारार्थी बोट हलवलं, आणि ते हळूच आपल्या कानावर ठेवलं.

“देखस नही,” ते म्हणाले. “आयकस.”