यंत्रावरचा लोखंडी गोळा

सर्जेरावांचं पेटंट गेलं आणि ते कुणी घालवलं हेही कळलं. पण हे आपण अजून ऐकलेलं नाही. सर्जेराव आत्ता कुठं दौंडला तेजश्रीच्या ऑफिसचा जिना चढत होते.

तेजश्री डिटेक्टिव्ह होती. तिचं बहुतेक काम म्हणजे लग्नाआधी मुलाच्या नोकरीची खातरजमा. अलीम तिचा सहायक. त्याचा सगळ्यांवर संशय असे, चहावाल्यावर सर्वांत जास्त.

"कांद्याची पात कापायचं यंत्र मी बनवलं," सर्जेराव धापा टाकत म्हणाले, "आन् मांडवगणात इंद्रजीत तेच विकतोय! पेटंटसाठी वकील हुडकत फिरलो. एकानं यंत्राचा सातबारा मागितला. दुसरा म्हणला, आधी भावांच्या सह्या आणा. शेवटी शिरूरच्या ललिता मॅडम भेटल्या. त्या म्हणत्यात, कुणी चोरून गुपित फोडलं असंल तर पेटंट वाचंल. चोर दावा."

"मामा, यंत्र कुणी पाहिलं?" तेजश्रीनं विचारलं.

"वेल्डर सुभाननं. मॅडमनी नुसतं चित्र. यंत्र गोठ्यात, गोठ्याला कुलूप, किल्ली माझ्या करगोट्याला. दसऱ्याची पूजासुदिक आत एकट्यानं केली." मग त्यांची छाती फुगली. "गावाला कौतुक हाय पण! न्हावरे फाट्यावर माझा फ्लेक्स लागलाय."

"वकीलबाईच," अलीम कुजबुजला.

शिरूरला ललिता मॅडमनी चित्र पुढं सरकवलं. "यातली पाती कुठली तेही मला कळत नाही. चोरू काय?"

"मग सुभान," अलीम म्हणाला.

मांडवगणात इंद्रजीतच्या यंत्राच्या माथ्यावर एक लोखंडी गोळा होता.

"हा कशाला?" तेजश्रीनं विचारलं.

"दाब द्यायला. त्याच्याबिगर चालत न्हाई."

"काढून पाहिलाय?"

"चालत न्हाई म्हणल्यावर काढू कशाला?"

गोळ्याचा फोटो बघून सुभान खो खो हसला. "ताई, असलं काय मी कवा लावलंच न्हाई. चित्रात बी न्हवतं."

दुसऱ्या दिवशी तेजश्रीनं सगळ्यांना न्हावरे फाट्यावर बोलावलं. अलीमनं फ्लेक्सच्या सावलीत गाडी लावली आणि चौघांवर आळीपाळीनं संशय घेतला.

"चित्रावरून चोरलं असतं, तर गोळा नसता," तेजश्री म्हणाली. "सुभानभाईंनी फोडलं असतं, तरी नसता. गोळा यंत्रावर एकाच दिवशी होता."

तिनं वर बोट दाखवलं. फ्लेक्सवर सर्जेराव हात जोडून उभे होते. शेजारी यंत्र, यंत्राला झेंडूचा हार आणि माथ्यावर पूजेचा नारळ.

इंद्रजीत खजील झाला. "मला वाटलं पार्ट हाय. शेंडी कुठं जोडायची तेवढं कळंना."

फ्लेक्सच्या तळाशी लिहिलं होतं : शुभेच्छुक, समस्त मित्रपरिवार.

"धरा मित्रपरिवाराला!" अलीम ओरडला.

"पूजेला आत एकटेच होतात ना, मामा? मग फोटो काढला कुणी?"

एसटी येतेय का, ते सर्जेरावांनी वाकून पाहिलं. "टायमर लावून मीच. आवं, स्वतःचा फ्लेक्स समदेच मित्रांच्या नावानं लावत्यात!"

"म्हणजे चोरी नाहीच," ललिता मॅडम हळूच म्हणाल्या. "अर्जाआधी तुम्हीच सार्वजनिक ठिकाणी जगजाहीर केलंत. नवेपणा संपला. पेटंट नाही मिळणार."

सर्जेराव फ्लेक्सखाली धुळीतच बसले. या यंत्रापायी त्यांनी दोन वर्षं कांदा लावला नव्हता. मग ते धोतर झटकत उठले.

"मॅडम, घ्या लिहून."

"मा. पेटंट कार्यालय यांस. विषय : न्हावरे फाट्याबाबत. सदर फाटा गेल्या दसऱ्यापासून सार्वजनिक ठिकाण नव्हता, असे मेहेरबान साहेबांनी मागील तारखेने जाहीर करावे व थांबणाऱ्या सर्व एसटी गाड्यांना तसे कळवावे, ही नम्र विनंती."